पेन्सिलीतलं व्यक्तिचित्र : सोलापुरातल्या हौशी मंडळींसाठी

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पेन्सिल घेऊन बसणारे पुष्कळ आहेत, फक्त एकमेकांना माहीत नसतात. नवी पेठेत स्टेशनरीच्या दुकानात कोणी ६बी मागताना दिसलं की मी न राहवून विचारतो, "काय काढता?" उत्तर बहुतेक वेळा चेहराच असतं. आजीचा, पोरीचा, नाहीतर एखाद्या नटाचा. असेच गोळा झालेले आम्ही काही जण रविवारी सकाळी किल्ल्याच्या बागेत बसतो. एक बँकेतले, एक चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एक डॉक्टर, एक कॉलेजातलं पोरगं, आणि चित्रकलेच्या एक निवृत्त बाई. बाई सोडल्या तर रीतसर शिकलेलं कोणी नाही. बाईंना सगळे घाबरतात.

पंधरा दिवस सगळ्यांनी एकच चेहरा काढायचा आणि चित्र या धाग्यावर टाकायचं, अशी कल्पना आहे. त्याचं कारण सांगतो. स्वतःचं चित्र तासभर बघितलं की डोळा त्याला सरावतो, वाकडं तोंडही सरळ वाटायला लागतं. तोच चेहरा शेजारच्याने काढलेला पाहिला की लगेच कळतं, आपला जबडा बोटभर खाली गेलाय. यूट्यूब हे सांगत नाही. तिथला माणूस त्याचं चित्र बरोबर काढतो, तुमचं बघतो कुठे?

फोटोबद्दल थोडं. इंटरनेटवरून नट-नट्यांचे फोटो घेऊ नका. त्यांच्यावर चारी बाजूंनी दिवे असतात, वर फिल्टर. सावलीच उरत नाही, मग पेन्सिलीने काढायचं काय? घरातलं माणूस दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन हात मागे बसवा, एक गाल उजेडाकडे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन थेट डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्याठिक्कर पडतात, तेव्हा सकाळची वेळ बरी. फोन तोंडाजवळ नेऊन फोटो काढू नका. जवळून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा फुटांवर उभं राहायचं आणि तिथून झूम करायचं.

या वेळचा चेहरा कडकभाकरीच्या, म्हणजे आमच्यातल्या कॉलेजातल्या पोराच्या, आजींचा. फोटो खाली दिला आहे. आजींनी परवानगी दिली आहे, अट एकच : डोक्यावरचा पदर नीट दिसला पाहिजे.

पहिलं चित्र फक्त तीन छटांत करायचं. कोऱ्या कागदाचा पांढरा, एक मधली, एक गडद. पापण्यांचे केस काढायला पूर्ण बंदी.

कडकभाकरी

पहिला! आजी विचारतीय, तिचा फोटो "कंप्यूटरवर" किती लोक बघणार.

माझ्याकडे एक एचबी आणि ०.५ ची लीड पेन्सिल आहे. एवढ्यात होईल का? ऑनलाइन चोवीस पेन्सिलींचा डबा दिसतोय, घेऊन टाकू?

होटगीरोड

घेऊन टाक. मी मार्स ल्युमोग्राफ वापरतो, एकदम एकसारखं शिसं, मध्ये खडा लागत नाही. फाबर-कास्टेलची ९००० पण छान. साधन चांगलं असलं की हात बसतो.

खडूफळा

कडकभाकरी, डबा घेऊ नको. त्यातल्या निम्म्या पेन्सिली तुझ्या नातवंडांना मिळतील, नवीच्या नवी.

एचबी, २बी, ४बी, ६बी. संपलं. अप्सराच्या किंवा कॅमलिनच्या ड्रॉइंग पेन्सिली घे, पुष्कळ झालं. या नंबरांमागे काय आहे ते एकदा समजून घे म्हणजे डब्याचा मोह होणार नाही. ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून भाजली की शिसं तयार होतं. माती जास्त असेल तर कडक आणि फिकट, तो एच. ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळं, तो बी. इंग्लंडशी युद्ध सुरू असताना फ्रान्सला चांगलं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा कोंते नावाच्या माणसाने ही युक्ती काढली आणि १७९५ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी खाणीतल्या ग्रॅफाइटच्या कांड्या कापून लाकडात बसवायचे. म्हणजे २बी आणि ३बी यांच्यात फरक चिमूटभर मातीचा. तेवढा फरक हाताच्या दाबानेही करता येतो, आणि तो दाब शिकणं हेच तुझं काम आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर कागदावर कर. झेरॉक्सच्या कागदावर दोन थरांनंतर पेन्सिल घसरायला लागते. साधा जाडसर कार्ट्रिज घे. खूप गुळगुळीत हवा असेल तर आयव्हरी शीट किंवा ब्रिस्टल. पण सुरुवातीला थोडा दाणा असलेलाच बरा, तो शिसं धरून ठेवतो.

टोक शार्पनरने नको. ब्लेडने लाकूड लांब तासायचं आणि शिसं पॉलिश पेपरवर घासायचं. टोकाने रेघ, कुशीने छटा.

होटगीरोड

बाई, मान्य. पण एक गोष्ट राहिली. ६बी, ८बी दाबून लावली की काळं होत नाही, चमकतं. फोटो काढला की केस चंदेरी दिसतात. यावर स्वस्त पेन्सिलीत उपाय नाही.

खडूफळा

महागातही पुरता नाही. ग्रॅफाइट चमकणारच, त्याचे पापुद्रे दाबाने सपाट होतात आणि उजेड परत फेकतात. जेवढं दाबाल तेवढी चमक. हलक्या हाताने थरावर थर द्या. अगदी कुट्ट काळं हवं असेल तिथे कार्बन पेन्सिल लावा, ती ग्रॅफाइटच्या आधी, कोऱ्या कागदावर. ग्रॅफाइटवर ती बसत नाही, घसरते.

आणि काळं किती काळं दिसतं ते शेजारी काय आहे त्यावर असतं. गालाची छटा नीट असेल तर ४बीचे केसही काळेभोर वाटतात.

सातरस्ता

वाखुसा (वाचनखूण साठवली). मला फक्त काडीची माणसं काढता येतात, पण वाचतोय.

जाकार्ड

नमस्कार. मी टेक्निकल काही शिकलेलो नाही. पूर्व भागात आमच्या कारखान्यात चादरीची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढण्यात जन्म गेला. मोर असो, वाघ असो, आधी चौकोनांत बसवायचा, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून जाकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची. एक चौकोन चुकला की मोराच्या मानेला पायरी पडायची आणि तीच पायरी प्रत्येक चादरीत.

त्यामुळे मला ग्रिडनेच जमतं. फोटोवर दोन सेंटिमीटरचे चौकोन, कागदावर तेवढेच किंवा दुप्पट, आणि एकेक चौकोन भरत जायचं. आजींचा चेहरा मी असाच काढला. चित्र जोडलं आहे. जागच्या जागी सगळं आलंय, पण जीव येत नाही. लेक म्हणाली, "नाना, आधार कार्डावरचा फोटो वाटतोय." काय चुकतंय?

शिसपेन्सिल

नाना, मापात काही चुकलेलं नाही. उलट आमच्यात सगळ्यात अचूक मापं तुमचीच आहेत. ग्रिडवाल्यांचा घोटाळा दुसरीकडे असतो. चौकोनात रेघ कुठून कुठे जाते एवढंच बघितलं जातं, म्हणून शेवटी चेहरा रेघांचा होतो. तुम्ही नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढली आहे. फोटोत डावीकडे तशी रेघ आहे का? तिकडे नाकावर उजेड, गालावरही उजेड, मध्ये हद्दच नाही. उजवीकडे आहे ती रेघ नव्हे, सावलीचा पट्टा आहे, ओठांकडे येता येता विरतो.

चौकोन ठेवा, पण चौकोनात रेघेऐवजी "इथे किती काळं" ते भरा. चादरीत तेच तर करत होतात, चौकोनात रंग भरत होतात.

जाकार्ड

हे डोक्यात आलं नव्हतं बघा. माणूस म्हटलं की रेघच सुचते.

खडूफळा

ग्रिडला माझा विरोध नाही, ग्रिडवरच थांबण्याला आहे. ग्रिडने पन्नास चेहरे काढणाऱ्याला समोर माणूस बसवला की घाम फुटतो, कारण माणसाच्या तोंडावर चौकोन आखता येत नाहीत. एक चित्र ग्रिडने काढा, दुसरं नुसत्या नजरेने. दुसरं वाईट येईल, येऊ द्या.

आणि ग्रिड एचबीने आखा, हलक्या हाताने. २एचने आखली तर कागदात खाच पडते आणि खोडल्यावरही वरून छटा लावली की पांढऱ्या रेघा उमटतात, आजींच्या कपाळावर ज्ञानेश्वरीच्या पानासारख्या.

तीच खाच पिकल्या केसांसाठी मात्र कामाची आहे. शाई संपलेल्या बॉलपेनाने आधी केसांच्या दिशेने रेघा दाबून घ्यायच्या, वरून २बीची कूस फिरवायची. पांढरे केस आपोआप सुटे होतात.

कडकभाकरी

बाई, हे मी आत्ता करून बघितलं, लई भारी!! आजीचे केस झाले की!

चित्र टाकतोय. तीन छटांचा नियम थोडा मोडलाय, सांभाळून घ्या.

स्टेथो

चित्र पाहिलं. हात चांगला आहे तुझा. डॉक्टर म्हणून दिसलं ते सांगतो, चित्रकार म्हणून नाही.

पहिलं, डोळे वर गेलेत. कवटीची उंची मोजलीस तर डोळे जवळजवळ निम्म्यावर येतात. सगळ्यांना ते वर वाटतात, कारण आपण केसांखालचं डोकं धरतच नाही. पदराखाली आजींची अर्धी कवटी आहे, ती तू कापून टाकलीस. लहान मुलांत डोळे निम्म्याच्याही खाली असतात, म्हणून ती मुलं दिसतात.

दुसरं, आजींना खालचे-वरचे दात नाहीत ना? फोटोवरून तसं वाटतंय. दात गेले की नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचं अंतर कमी होतं, ओठ आत जातात, हनुवटी पुढे येते. तू पुस्तकातलं प्रमाण वापरून तिथे पुरेपूर जागा सोडलीस, त्यामुळे पन्नाशीच्या बाईला सुरकुत्या काढल्यासारखं झालंय. सुरकुत्यांनी वय येत नाही. वय हाडांत आणि हाडांवरच्या रिकाम्या जागेत असतं. कानशिलाचा खड्डा, गालाच्या हाडाखालची पोकळी, डोळ्याभोवतीच्या खोबणीची कडा, हे आधी.

तिसरं, बुबुळ. म्हाताऱ्या माणसांच्या बुबुळाच्या कडेला बऱ्याचदा फिकट पांढुरकं कडं येतं. तू बुबुळाची कड गडद काळी केलीस, तरुण मुलीची करतात तशी. कड थोडी पुसून बघ, नजर लगेच बदलेल.

कान मात्र मस्त. वयाबरोबर कान लांबतात आणि आयुष्यभर जड कुडी घातलेली पाळी लोंबते, ते बरोब्बर टिपलंयस.

कडकभाकरी

डॉक्टरकाका, दात नाहीतच. कवळी आहे, पण ती फक्त लग्नात लावते.

पुण्यातली_सोलापूरकर

मी लांबूनच भाग घेतेय, चालेल ना? घरी बसून आजींचं चित्र काढलं. शंका अशी की डोळ्याचं पांढरं कोरंच ठेवलंय तरी डोळे भुतासारखे का दिसतात?

शिसपेन्सिल

चालेल काय, पळेल. पांढरं पांढरं नसतं म्हणून. डोळा गोल आहे, खोबणीत आहे, वर पापणीचं छप्पर. पापणीची सावली पांढऱ्यावर पडते, बुबुळाच्या वरच्या भागावरही पडते. कोरा कागद फक्त चमकेच्या ठिपक्यापुरता ठेवा, बाकी पांढऱ्यावर एचबीची हलकी छटा द्या, कोपऱ्यांत थोडी जास्त. खालच्या पापणीला जाडी असते, तिथे एक ओलसर उजळ पट्टी दिसते, ती सोडा. बहुतेक लोक तिथे काळी रेघ मारतात आणि काजळ घातल्यासारखं होतं.

नवीपेठ_नाका

एवढी मेहनत कशाला? फोनमधलं अ‍ॅप पाच सेकंदांत फोटोचं पेन्सिल स्केच करून देतं.

जाकार्ड

हातमाग गेला, पॉवरलूम आला, तरी गाणाऱ्यांनी गाणं सोडलं नाही साहेब. तुम्ही अ‍ॅप वापरा, आम्ही बसतो बागेत.

खडूफळा

आता मला जे मुख्य बोलायचंय ते. या धाग्यावर आतापर्यंत आजींची जेवढी चित्रं आली, त्या सगळ्यांत आजी गोऱ्या झाल्या आहेत.

फोटो परत बघा. आजी सावळ्या आहेत, चांगल्या गडद सावळ्या. त्यांच्या उजेडाकडच्या गालाची छटासुद्धा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी खाली आहे, आणि अंगावरचं पांढरं लुगडं सावलीतही त्या गालापेक्षा उजळ आहे. तुम्ही सगळ्यांनी गाल कोरा ठेवला आणि कडेला थोडं करडं केलं. फोटो स्टुडिओवाले लग्नाच्या अल्बमला जे करतात तेच.

शाळेत हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांत स्थिरचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, व्यक्तिचित्र नसतं. पोरं वांगं काढतात तेव्हा वांग्याला काळं करायला भीत नाहीत. माणूस काढायला घेतला की हात आखडतो. "बाई, काळा दिसेल ना तो!" दिसू दे की. आहे.

सावळ्या चेहऱ्याला पेन्सिलीत उलट फायदा असतो. गोऱ्या चेहऱ्यावर चमक आणि छटा यांत फरक थोडा, नाक-गाल दाखवायला कसरत करावी लागते. सावळ्या कातडीवर कपाळाची, नाकाच्या शेंड्याची, गालाच्या हाडाची चमक स्पष्ट उठून दिसते. म्हणून सुरुवातच वेगळी करायची. सगळ्या चेहऱ्यावर, डोळे-ओठ काही न सोडता, २बीचा एकसारखा हलका थर. त्यावर एचबी फिरवा, म्हणजे कागदाच्या दाण्यांमधली पांढरी छिद्रं भरतात. मग सावल्या ४बीने खाली न्या. शेवटी मऊ खोडरबराची निमुळती वात करून चमक उचलायची. घासायची नाही, टेकवून उचलायची. तो मळायचा रबर दुकानात नीडेबल इरेझर म्हणून मागा.

जे कोरं ठेवायचं ते फक्त लुगडं आणि केसांतल्या दोन-चार बटा. बघा आजी कशा समोर येतात.

होटगीरोड

बाई, हे वाचून माझी जुनी चित्रं काढून बघितली. बायको म्हणाली, यात आपल्या घरातलं कोणीच नाही वाटतं.

सातरस्ता

+१ वांग्याला.

पुण्यातली_सोलापूरकर

बाई, एक थर सगळीकडे दिला की मापं हरवत नाहीत का? आणि हा थर बोटाने पसरवू का?

खडूफळा

बोटाने अजिबात नाही. बोटाला तेल असतं, ते कागदात मुरतं आणि तिथे डाग पडतो, खोडरबरही हार मानतो. मेमध्ये तर बोटाला घामही असतो. टिश्यू घ्या, मेकअपचा जुना मऊ ब्रश घ्या, कागदाची घट्ट सुरळी करून टोक घासून घ्या. पण पसरवणं कमी करा, नाहीतर चेहरा मेणाचा होतो. आजींची कातडी मेणाची नाही.

मापं हरवत नाहीत, थर हलका असेल तर खालची रेघ दिसते.

स्टेथो

घामाचा विषय निघालाच आहे तर, तळहाताखाली एक कोरा कागद ठेवत जा. बागेत एकदा माझ्या ओपीडीच्या पॅडचा कागद ठेवला होता, खालून छापील अक्षरं उमटली आणि आजोबांच्या गालावर माझाच नोंदणी क्रमांक आला.

आणि घरी काढत असाल तर पंख्याखाली खोडरबराचा चुरा तोंडाने फुंकू नका. थुंकीचा थेंब पडला की तिथे पेन्सिल वेगळी बसते. जुना दाढीचा ब्रश उत्तम.

कडकभाकरी

एक विचारू का? फोटोवरून काढलेलं चित्र ओळखू येतं, पण समोर माणूस बसवला की येत नाही. मागच्या रविवारी नानांना बसवलं होतं, चित्र बघून सगळे म्हणाले हे कोण बे?

शिसपेन्सिल

फोटो सपाट असतो, तुझ्यासाठी त्याने आधीच सगळं एका पातळीवर आणून ठेवलेलं असतं. समोरचा माणूस श्वास घेतो, मान हलवतो, आणि तुझंही डोकं हलतं. तू नानांचा डावा डोळा बसून काढलास आणि उजवा पुढे वाकून. दोन वेगळ्या जागांवरून पाहिलेले दोन डोळे एका तोंडात बसत नाहीत. पाठ टेकून बस, कागद लावलेली पाटी उभी धर, हात लांब करून पेन्सिलीने मापं घे आणि कोपर वाकवू नको.

डोळे बारीक करून बघायची सवय लाव. बारीक केले की सुरकुत्या, भुवयांचे केस, मिशा सगळं नाहीसं होतं आणि दोन-तीन मोठे काळे आकार उरतात. ओळख तिथेच असते. पार्क चौकात लांबून येणारा ओळखीचा माणूस नाक-डोळे दिसायच्या आत ओळखू येतो ना? डोक्याचा आकार, मान खांद्यात कशी बसलीय, एवढ्यावर. नानांची मान पुढे आलेली आहे, आयुष्यभर ग्राफवर वाकून. तू त्यांना सरळ ताठ बसवलंस, मग ते नाना कसले?

सरावाला माणूस मिळत नसेल तर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जा. पुतळा हलत नाही, आणि त्याच्यावर कातडीचा, केसांचा वेगळा रंग नसतो, त्यामुळे सावलीचा आकार स्वच्छ दिसतो. सकाळी आणि संध्याकाळी एकाच जागेवरून काढ. तोच चेहरा दोन वेगळ्या माणसांचा वाटेल.

होटगीरोड

मला एक मांडायचंय, बाई रागावतील. मला एकेक रोम, एकेक छिद्र काढायला आवडतं. लोक फोटो समजतात तेव्हा बरं वाटतं. यात कमीपणा काय आहे?

खडूफळा

रागावत नाही. बँकेत दिवसभर आकडे बघून संध्याकाळी कोणी रोम मोजत असेल तर त्याचा त्याला आनंद. पण अँग्र नावाच्या फ्रेंच चित्रकाराची पेन्सिलीतली व्यक्तिचित्रं शोधून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रोममध्ये राहायचा, हातात पैसे नसायचे, तेव्हा फिरायला आलेल्या श्रीमंत लोकांची पेन्सिल व्यक्तिचित्रं काढून पोट भरायचा. चेहरा बारकाईने, कपडे नुसत्या रेघांत, हात तर कधीकधी अर्धवट. आणि माणूस समोर बसल्यासारखा. कुठे थांबायचं हे त्याने ठरवलेलं असायचं. तुमच्या चित्रात सदऱ्याचं बटण आणि डोळा यांना सारखाच मान आहे, माझा आक्षेप तेवढाच.

होटगीरोड

बटणावर माझा एक आख्खा शनिवार गेलाय बाई 😀 पाहतो अँग्र. पण रोम सोडणार नाही.

पुण्यातली_सोलापूरकर

झालेलं चित्र टिकवायचं कसं? माझी जुनी चित्रं वहीत घासून काळी झाली.

होटगीरोड

फिक्सेटिव्हचा, म्हणजे पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा, स्प्रे मिळतो. गच्चीत किंवा मोकळ्यावर, फूटभर लांबून, पातळ दोन फवारे. एकदम जवळून मारला तर थेंब पडतात. आधी रद्दी चित्रावर बघा, कारण छटा किंचित गडद होते आणि नंतर मऊ रबराने नीट उचलता येत नाही. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. न जमल्यास बटर पेपर मध्ये घालून सपाट ठेवा, सुरळी नको.

जाकार्ड

दुसरं चित्र टाकतोय. बाईंनी सांगितलं तसं आधी सगळा चेहरा एका छटेत केला, ग्रिड फक्त डोळे-नाक-तोंडाच्या जागेपुरती. लेकीने आज आधार कार्ड म्हटलं नाही. "हिला कुठेतरी पाहिलंय" म्हणाली. विडी कारखान्यात तिच्या सासूबरोबर बसणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्यासारखी वाटते म्हणे.

कडकभाकरी

नाना!! आजीला दाखवलं. ती म्हणाली हेच माझं, त्या बाकीच्या बायका कोण आहेत माहीत नाही. पण पदर कपाळावर जरा पुढे हवाय म्हणे.

शिसपेन्सिल

नाना, खरंच उत्तम. सावलीकडच्या जबड्याखाली मानेवरून परतलेला थोडा उजेड असतो, तो तुम्ही टिपलात. मात्र तो जरा जास्त उजळ झालाय. परतलेला उजेड सावलीतच राहतो, उजेडाकडच्या गालाशी त्याने बरोबरी करायची नाही. तिथे एचबीचा एक हात मारा.

पुढच्या रविवारी फोटो नाही, प्रत्यक्ष बैठक. डॉक्टर स्वतः बसायला तयार आहेत. सातला या, नऊनंतर दगड तापतो. पाटी, दोन क्लिपा आणि पाण्याची बाटली आणा.

स्टेथो

बसतो, पण दर वीस मिनिटांनी उठणार. कोणाची तक्रार नको.

खडूफळा

उठा, पण उठण्याआधी समोरच्या झाडावर एक खूण ठरवून ठेवा आणि परत बसल्यावर नजर तिथेच लावा. आणि डॉक्टर, चष्मा घालून बसायचं की न घालता ते आधी ठरवा. मधेच काढलात तर कडकभाकरीला तुमचे डोळे परत काढावे लागतील.

कडकभाकरी

चष्म्याशिवाय बसा ना काका, प्लीज.

खडूफळा

चष्म्यासकट बसा डॉक्टर.